पाराखालची समिती

आमच्या माळावर जंगल आहे म्हटलं की पाहुणे हसतात. हिवर, बोरी, तरवड आणि गुडघाभर गवत, एवढंच ते. पण त्या गवतावर आमच्या म्हशी उन्हाळा काढतात. ते राखायला गावात वन समिती आहे. नियमाने निम्म्या बायका, अध्यक्ष आमचे हे. आणि मीटिंग कुठे? मारुतीच्या पारावर, जिथे गावची सून पाय ठेवत नाही!

म्हणजे पुरुष वर, आणि आम्ही खाली, त्यांच्या चपलांशेजारी. वरचं ऐकू काय येणार, तंबाखू मळून मारलेली थाप! पावसाळाभर काठ्या घेऊन आळीपाळीने गुरं हाकलायची आम्ही, आणि माळ कधी खुला करायचा ते ठरवणार पार. यंदा त्यांनी दसऱ्यालाच गुरं सोडायचं काढलं. बी झडायच्या आत गुरं शिरली की पुढच्या साली तिथे पातं दिसत नाही. मीटिंग निदान शाळेच्या ओसरीवर घ्या, म्हणून मी किती डोकं आपटलं. "गावाचं पारावरच ठरतंय," एवढंच यांचं उत्तर. माझं तर टाळकंच सडकलं.

मीटिंगच्या दिवशी आम्ही सगळ्याजणी पाराकडे गेलोच नाही. माळाच्या कुंपणाला जिथे वाट ठेवली आहे, तिथे जाऊन बसलो. बायकांशिवाय कोरम होत नाही हे वनरक्षकाला ठाऊक. तो धापा टाकत आला.

"ताई, चला की! सगळे खोळंबल्यात."

"आमी हितंच हाय," मी म्हटलं. "मीटिंग हितं आणा."

आले. कुरकुरत, डोक्यावर टॉवेल घेऊन, पण आले. मी गवताचा एक तुरा तोडून तळहातावर चोळून दाखवला. दाणा अजून दुधाळ होता. एकाची बिडी संपायच्या आत ठरलं, बी झडेपर्यंत माळ बंद.

दुपारी हे घरी आले, हातपाय धुऊन जेवायला बसले आणि म्हणतात कसे, "एवढंच व्हतं तर घरात सांगायचं की! सगळ्या गावाला उन्हात कशाला उभं केलंस?"

श्रावणापासून रोज भाकरी वाढताना मी दुसरं काय सांगत होते? हातातली भाकरी मी परत दुरडीत टाकली.

"भाकरी पायजे व्हय? मग माळावर या. तितं वाढते."