केसांची पाकिटं आणि मामाचा पहिला वस्तरा

गल्लीत बातमी अशी होती की माझा मामा केसांचा टोप शिवतोय. तोही साधासुधा नाही, गल्लीतल्या प्रत्येकाचा एकेक केस घेऊन. पुढे शिंप्याचे कुरळे, मागे शाळेतल्या बाईंचे पांढरे, आणि भांगाच्या जागी कोण, हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर आईला जिन्यात गाठून, आवाज पार तळाला नेऊन सांगितलं, "माझा नको म्हणावं हं. माझे आधीच गळतायत."

बातमी खोटी होती. मामा केस मागत होता हे खरं. तो केस पाकिटात घालून वर नाव, तारीख आणि 'जाड', 'मध्यम', 'बारीक' असा शेरा लिहीत होता, हेही खरं. पण टोपाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला वस्तरा घ्यायचा होता, आयुष्यातला पहिला. आणि वस्तऱ्याला धार आहे की नाही हे केसावर बघतात. बोटभर लांब केस चिमटीत धरायचा, पात्यावर अलगद टेकवायचा. तुटला तर धार, वाकला तर दुकानदार खोटा. मामाची अडचण एवढीच की त्याच्या डोक्यावर डाससुद्धा बसला तर घसरायचा.

मामा वजनमापं तपासणारा निरीक्षक. एकतीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन काटे तपासल्यामुळे जगातला कुठलाही दुकानदार खरं बोलू शकतो यावरचा त्याचा विश्वास उडालेला. घरात साखर आली की तोलून बघायचा. मामी म्हणते, लग्नाच्या वेळी मला तोललं नाही हेच नशीब.

कचेरीत त्याची लाडकी गोष्ट म्हणजे छोटा काटा. काचेच्या पेटीतला, सोनारांची वजनं ताडून बघण्याचा. त्याची वजनं माशीच्या पंखाएवढी, चिमट्याने उचलून ठेवायची. त्या खोलीत पंखा लावत नाहीत, खिडकी उघडत नाहीत, शिंक आली तर बाहेर जाऊन देतात. मामा तिथे देवघरात शिरल्यासारखा शिरायचा. पण या वर्षी नवे साहेब आले. त्यांना लोकांच्या पाठीमागे उभं राहायची सवय. एके दिवशी ते असेच मामाच्या मागे येऊन उभे राहिले आणि मामाच्या चिमट्यातून सगळ्यात छोटं वजन पडलं. ते शोधायला चार माणसं दोन तास जमिनीवर रांगत होती. सापडलं ते साहेबांच्या बुटाखाली.

साहेब तोंडात गरम बटाटा असल्यासारखं बोलतात. मामाने सांगितलं त्यावरून मी त्यांचा आवाज बसवलाय. "अहो, व्हयं झालं आता तुमचं. हात कापतो. उद्यापासून तुम्ही ट्रकचा काटा बघा." ट्रकच्या काट्यावर पन्नास किलो इकडेतिकडे झाले तरी कुणाला पत्ता लागत नाही. छोट्या काट्यावरून तिथे पाठवणं म्हणजे गवयाला भोंगा वाजवायला बसवण्यासारखं. निवृत्तीला सहा महिने उरलेले. मामा एरवी साहेबांपुढे मूग गिळून बसणारा, पण त्या दिवशी बोलून गेला की हात कापत असता तर मी वस्तऱ्याने दाढी केली असती का. साहेब म्हणाले, करता का? मामा म्हणाला, एका महिन्याने करून येतो, एक ओरखडा दिसला तर ट्रकचा काटा कायमचा, नाही दिसला तर छोटा काटा परत. वस्तरा तोवर त्याने फक्त न्हाव्याच्या हातात पाहिला होता.

तर महिन्याभरात वस्तरा घेणं, तो चालवायला शिकणं, आणि जिवंत राहणं. मी पाकिटांबरोबर गेले, कारण मामाचं मत पडलं की पाकिटातला केस वाळतो, ताजा नमुना सोबत असावा. माझी वेणी लांब आहे. नमुना क्रमांक सात मी.

पहिलं दुकान मोठं, काचेच्या कपाटांचं. तिथला विक्रेता प्रत्येक वाक्याच्या शेवटी गुडघ्यात वाकायचा. "नवीन सुरुवात करणाऱ्यांसाठी आमच्याकडे हा खास पीस आहे सर," आणि वाकला. पात्यावर सिंह कोरलेला, मूठ हस्तिदंती रंगाची. मामाने माझा केस धरून पात्यावर टेकवला. केसाने सिंहाला कमरेत वाकून नमस्कार केला आणि पुन्हा सरळ झाला. विक्रेता म्हणाला, केस ओला असेल सर. मामाने शिंप्याचा काढला. मग बाईंचा. अकरा पाकिटं झाली, सिंहाने एकाही केसाला धक्का लावला नाही. शेवटी विक्रेत्याने स्वतःच्या डोक्यातला उपटून दिला, तोही वाकला. मालकासारखाच, असं मी म्हटलं आणि मामाने मला बाहेर काढलं.

दुसरं दुकान जुन्या वस्तूंचं. तिथला म्हातारा कानात सांगितल्यासारखा बोलायचा आणि प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या सेनापतीची होती. वस्तरा सेनापतीचा, आरसा सेनापतीचा, मोडकी छत्री सेनापतीची. मामाने धारेचं विचारल्यावर तो दुखावला. "धार काय बघताय, इतिहास बघा." इतिहासाला गंज चढला होता.

घरी मामी रोज विचारायची, "अहो, आज कुणाचा केस वाकवून आलात?" मामाची दाढी खुरटी वाढत चालली होती, कारण जुन्या साध्या रेझरने करणं त्याला आता फसवणूक वाटत होती. महिन्यातले एकोणीस दिवस गेले.

विसाव्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेलो. त्याच्या वस्तऱ्यात बदलायचं पातं असतं, त्यामुळे त्याच्याकडे विकायला काही नव्हतं. पण सांगायला होतं. तो बोलताना कात्री हवेत चालवत राहतो, शब्द कमी आणि कचकच जास्त. तो म्हणाला की दुकानातला नवा वस्तरा कधीच धरायच्या लायकीचा नसतो, पाकिटं फोडायला बरा. पहिला वस्तरा घ्यावा तो धार लावणाऱ्याकडूनच, म्हणजे बोथट झाला की परत न्यायला दार असतं. आणि त्याने धारवाल्या मावशींचा पत्ता दिला.

मावशी शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावतात. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक बाकडं, पाण्यात बुडवलेल्या तीन सहाणा, भिंतीला अडकवलेला चामड्याचा पट्टा. मावशी वर न बघता बोलतात आणि वाक्य अर्धंच म्हणतात, उरलेलं आपण आणायचं. मामाने आल्या आल्या पाकिटं बाकावर मांडली, नमुन्यांची माहिती दिली, कचेरीचं सगळं सांगितलं. मावशी सहाणेवर पातं घासत होत्या.

"हा सातवा कुणाचा?"

"भाचीचा."

"मग भाचीची दाढी करणार आहात का?"

मामाने सातवं पाकीट हळूच उलटं करून ठेवलं. एकतीस वर्षं ज्याने लोकांना 'ज्याचा माल त्याचंच वजन' म्हणून दटावलं, त्याने वीस दिवस परक्या मालाने काटा तपासला होता. तो हळूच म्हणाला की स्वतःचा केस असता तर प्रश्नच नव्हता. तेव्हा मावशींनी पहिल्यांदा वर पाहिलं, मामाच्या डोक्याकडे नाही, कानाकडे.

आता हे सांगायला हवं की मामाच्या कानांतून केसांचे दोन झुबके बाहेर येतात. घरात सगळ्यांना माहीत आहे, मामाला सोडून. आम्ही कधी बोललो नाही, कारण कसं बोलणार? काखेत कळसा ऐकला होता, कानात पहिल्यांदाच पाहिला. मावशींनी मामाच्याच खिशातला चिमटा मागितला आणि एक केस उपटला. मामाचे डोळे भरून आले. मावशींनी लाकडी मुठीचा साधा वस्तरा उघडला, ना सिंह ना सेनापती. केस टेकवला. टक् असा बारीक आवाज झाला आणि अर्धा केस खाली.

मामाने त्याच वेळी तो घेतला. मावशींनी पट्ट्यावर पातं कसं फिरवायचं ते दाखवलं आणि सांगितलं की पहिले दहा दिवस फक्त गालावर, हनुवटी नंतर, घाई केली तर... पुढचं आम्ही आणलं.

पैज मी त्याच संध्याकाळी लावली. म्हटलं, मामा, कापसाचा बोळा चिकटवूनच जाशील कचेरीत. तो म्हणाला, नाही गेलो तर? मी म्हटलं, तर वर्षभर तुझी नक्कल करणार नाही. मामीने साक्षीदार म्हणून दोघांना चहा दिला. मामाची नक्कल हे माझं सगळ्यात चालणारं नाटक आहे, पाहुणे आले की आधी तेच मागतात. पण मला काळजी नव्हती. पुढच्या दहा दिवसांतही मामाने फेस लावून फक्त आरशासमोर उभं राहायचा सराव केला.

शेवटल्या दिवशी सकाळी न्हाणीघराची खिडकी बंद झाली. पंखे बंद. मामीला भांडी घासायला बंदी. खालच्या काकूंना दार आपटू नका असा निरोप गेला, त्यांनी पुन्हा आईला जिन्यात गाठलं. मी दाराच्या फटीतून बघत होते. मामा छोट्या काट्यापुढे धरतो तसा श्वास धरायचा, गव्हाच्या दाण्याएवढी जागा साफ करायचा, श्वास सोडायचा. हात हलत नव्हता. सव्वा तास झाला तेव्हा डावा गाल लहान मुलासारखा झाला होता आणि कचेरीची वेळ टळून गेली होती. मामाने वस्तरा पुसला, मिटला, उजव्या बाजूच्या दाढीसकट शर्ट घातला आणि निघाला. बसमध्ये सगळे त्याच्या डाव्या बाजूला बसले असणार.

साहेबांनी भिंग मागवलं. गालावर एक ओरखडा नाही. मग म्हणाले, "आणि ही दुशरी बाजू?" मामा म्हणाला, ती उद्या, आज फक्त हाताचं बघायचं होतं. आणि उत्तराची वाट न पाहता तो काचेच्या पेटीपाशी गेला, चिमट्याने सगळ्यात छोटं वजन उचललं. साहेब सवयीने मागे येऊन उभे राहिले. मामा म्हणाला, उभे राहा, स्वतःच्या गालावर वस्तरा धरून आलोय, तुमचं काय वाटणार. वजन पारड्यात बसलं. काटा थरथरला नाही. मग साहेबांनी ट्रकच्या काट्यावर पाठवायचा हुकूम परत घेतला.

मामा अजूनही एका दिवशी एकच गाल करतो. गल्लीत आता त्याच्याकडे बघून वार ओळखतात: डावा गुळगुळीत म्हणजे सोमवार.

पैज मी हरले. पाहुण्यांपुढे आता मला साहेबांवर भागवावं लागतं, आणि साहेब म्हणजे काय, एक बटाटा. मी मामाला विचारलं की नक्कल नाही, पण लिहिलं तर चालेल का. त्याने कान खाजवला, हल्ली तिथे काही नसतं तरी.

"लिहिताना आवाज होतो?"

"नाही."

"मग लिही. पण ओरखडा दिसता कामा नये."