पाटी तयार

पालिकेच्या इमारतीमागे पत्र्याची एक शेड होती आणि त्या शेडमध्ये पेंटरकाका एकतीस वर्षं धोके रंगवत बसले होते. 'पुढे तीव्र वळण', 'पाणी खोल आहे', 'तारेला हात लावू नये'. पिवळ्यावर काळी अक्षरं, रंगाचे दोन हात, एका दिवसात पाटी तयार. संध्याकाळी टर्पेंटाइनचा वास अंगावर घेऊन घरी आले की बायको विचारायची, "अहो, आज किती जणांना वाचवलंत?"

"तिघांना," काका अगदी गंभीरपणे सांगायचे. "एक वळण आणि दोन खड्डे."

हसू नका. त्यांना मनापासून तसं वाटायचं, आणि तसं वाटल्याशिवाय कुणी एकतीस वर्षं तीच ती अक्षरं इतकी निगुतीनं काढत नाही. पाटीच्या चार कोपऱ्यांत बोल्टसाठी बारीक भोकं असतात. इतर रंगारी ती चुकवून ब्रश फिरवतात. काका मुद्दाम भोकांवरूनही फिरवायचे, कारण पत्रा गंजायला लागतो तो भोकाच्या कडेपासूनच. त्यामुळे भोकावर रंगाचा पातळ पापुद्रा धरायचा आणि पाटी लावताना बोल्ट आत गेला की फुटायचा. मग मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख घालायची आणि पाटी गोदामात द्यायची. ती पुढे जागेवर लागली की नाही, हे बघायला काका कधी गेले नाहीत. लागणार नाही असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्यांच्याच गल्लीत एक शिलाईवाली राहायची. एकटी बाई, पायाच्या मशीनवर कपडे शिवून पोट भरणारी. एका सकाळी शिवलेले कपडे पोचवायला निघाली असताना फूटपाथवरची फरशी तिच्या पायाखाली मोडली. ती थेट गटारात गेली आणि वरून अर्धी फरशी उजव्या पायावर पडली. पाय वाचला म्हणायचा तो फक्त जागेवर आहे म्हणून; मशीनच्या पायट्यावर तो आता कधीच चालणार नव्हता. तिनं पालिकेवर दावा लावला.

फरशी धोकादायक आहे हे पालिकेला कळलं की ती दुरुस्त करायची, आणि दुरुस्ती होईपर्यंत निदान लोकांना सावध करायचं, हे कायद्यानं पालिकेवर बंधनच. त्यावर पालिकेचं एवढंच म्हणणं होतं की आम्ही पाटी लावली होती, बाईनं ती वाचली नाही.

"तिथे पाटी नव्हती हो," बाई सगळ्यांना सांगायची.

हे ऐकून काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या जागेची पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं केली होती. त्यांनी भर गल्लीत, ती कुबड्या घेऊन उभी असताना, तिला सुनावलं, "बाई, मी लिहून ठेवलं होतं तिथे. डोळे उघडे ठेवून चालायचं!" बाई कुबड्या सावरत निघून गेली. काका मात्र त्या दिवशी ताठ मानेनं घरी आले.

पालिकेतर्फे साक्ष द्यायच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि एवढ्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच त्यांना कामाबद्दल विचारणार होतं. कोर्टाच्या दारात पालिकेच्या इंजिनिअरसाहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "फक्त 'हो, माझी' म्हणायचं आणि खाली उतरायचं."

पालिकेच्या वकिलांनी पाटी त्यांच्या हातात दिली. "जागेवरून काढून आणलेली ही पाटी तुमचीच ना, पेंटर?"

"हो, माझीच."

"बस. झालं."

पण काकांनी सवयीप्रमाणे पाटी कडांनी धरली होती, आणि बोटं आपोआप कोपऱ्यांवर गेली होती. त्यांनी एक भोक चाचपलं. मग दुसरं. मग तिसरं आणि चौथं. चारही पापुद्रे शाबूत होते. समोर, अगदी मागच्या बाकावर शिलाईवाली कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन बसली होती.

"उतरा की," वकील म्हणाले.

काका उतरले नाहीत. ते न्यायाधीशबाईंना म्हणाले, "मॅडम, ही पाटी कधी लागलेलीच नाही."

इंजिनिअरसाहेब पंख्याकडे बघायला लागले.

काकांनी पापुद्र्याची गोष्ट सांगितली. न्यायाधीशबाईंनी पाटी मागून घेतली आणि खिडकीसमोर उजेडात धरली. एकाही भोकातून उजेड आला नाही. त्यांनी पाटी उलटी करून पेन्सिलीची तारीख मोठ्यानं वाचली. अपघाताच्या दोन महिने आधीची होती.

"म्हणजे दोन महिने पालिकेला माहीत होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "अशा आणखी पाट्या आहेत?"

"नाही हो, असं कसं..." काका बोलता बोलता थांबले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

त्याच दुपारी कोर्टाचा माणूस काकांना घेऊन गोदामात गेला. गोदामवाल्यानं शटर वर केलं आणि काका दारातच खिळले. भिंतीला टेकवून, मध्ये वर्तमानपत्र घालून, नीट रांगा लावून पाट्या उभ्या होत्या. शाळेजवळच्या. विजेच्या खांबांच्या. वळणांच्या. शंभर तरी असतील. त्यांच्याच अक्षरातल्या, नव्याकोऱ्या, उन्हाचा कण न लागलेल्या.

"अरे, हे काय आहे?" काकांचा आवाज चिरकला.

"माझ्यावर कशाला ओरडता?" गोदामवाल्यानं काखा वर केल्या. "फाइलवर 'पाटी तयार' लिहिलं की फाइल बंद. लावायचं काम दुसऱ्या खात्याचं. त्यांनी मागितल्या की देतो. काही मागतात, काही नाही."

काकांनी मागची एक पाटी ओढली. 'पाणी खोल आहे.' त्यांनी उलटी करून तारीख पाहिली. त्याच वर्षी पुढे तळ्यात दोघी बहिणी बुडाल्या होत्या. तेव्हा आपल्या शेडमध्ये बसून काका म्हणाले होते, लोक पाट्याच वाचत नाहीत, त्याला कोण काय करणार? कोर्टाच्या माणसानं त्यांच्या हातातून पाटी काढून घेतली, कारण ती पडायला आली होती.

संध्याकाळी ते घरी गेले नाहीत. शिलाईवालीच्या दारात जाऊन उभे राहिले. आत मशीन कापडानं झाकून ठेवलं होतं.

"मी तुम्हाला गल्लीत नाही नाही ते बोललो," ते म्हणाले. "चुकलं माझं. फार चुकलं."

तिनं त्यांना आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही. बराच वेळ ती त्यांच्या रंगानं माखलेल्या नखांकडे बघत होती.

"काका, एक विचारू? काय लिहिलं होतंत त्या पाटीवर? कोर्टात सगळ्यांनी बघितली. मी लांब होते, मला कुणी दाखवलीच नाही."

एकतीस वर्षांत काकांना आपली पाटी कुणाला तोंडानं सांगावी लागली नव्हती.

"'फरशी तुटलेली आहे,'" ते म्हणाले. "'पाय जपा.'"