नऊ नंबरच्या खाटेचं रक्त
बावीस वर्षांच्या नोकरीत इंद्रायणी सिस्टरनं नाव विचारल्याशिवाय कुणाला साधी गोळीही दिली नव्हती. नव्या पोरींना ती बजावायची, "नाव आपण सांगायचं नाही गं, त्यांच्या तोंडून काढायचं. आपण सांगितलं की माणसं भीतीनं नुसती मान हलवतात."

त्या एप्रिलच्या दुपारी सोलापूर भाजून निघत होतं. रक्ताची पिशवी घेऊन ती नऊ नंबरच्या खाटेपाशी आली. पिशवी दोघींनी मिळून तपासायची असा नियम. पण सुकन्या सिस्टर ऑपरेशन थिएटरात अडकलेली. खाटेवरचा म्हातारा ग्लानीत. मनगटावरची नावाची पट्टी खाजते म्हणून त्यानं ओढून काढलेली. उशाशी त्याची बायको, मायाक्का.

"मावशी, नाव सांगा यांचं."

मायाक्कानं पदर तोंडाला लावला. "आता गं बया! मालकाचं नाव कसं घ्यावं?"

"दवाखान्यात चालतं. घ्या."

"न्हाय बाई. जलमात घेतलं न्हाय, आता कुटं!"

पलीकडून कुणी सलाईन संपल्याची हाक मारली. इंद्रायणीनं घाईनं पिशवीवरची चिठ्ठी तिच्यापुढं धरली. "हेच ना?"

"व्हय की."

नळी जोडली. आता फक्त नळीवरचं चाक फिरवून रक्त सुरू करायचं होतं.

"लई गार वाटतंय हितं," मायाक्का म्हणाली. "त्या कोपऱ्यात नुसती लाही व्हत हुती. मल्लव्वाच म्हणली, माझा लेक झोपंल तितं, तुमी कूलरपाशी या."

इंद्रायणीचं बोट चाकावरच थिजलं. चिठ्ठीवर नाव होतं सिद्धराम, मल्लव्वाचा लेक. नऊ नंबर त्याचा होता, आणि आता तो कोपऱ्यातल्या सात नंबरवर निजला होता.

"मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाय बाई. तुमी कागद धरला, मी व्हय म्हणलं. शिष्टरबाई काय खोटं दावत्यात व्हय?"

इंद्रायणीनं नळी काढली. दोघांच्या फायली उघडल्या, रक्तगट वेगळे. चाक फिरलं असतं तर या म्हाताऱ्यानं संध्याकाळ बघितली नसती.

थेंबही गेला नव्हता. कुणी पाहिलंही नव्हतं. गेल्या वर्षी नातेपुत्याच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरनं आपली चूक आपणच सांगितली, तर आठ दिवसांत तिला घरी बसवलं होतं. गप्प बसलं तर? पण उकाडा उद्याही असणार, खाटा उद्याही बदलणार, आणि चिठ्ठी धरणारी दुसरीच कुणी असेल.

ती मायाक्कापुढं उकिडवी बसली. "मावशी, मी आत्ता यांना दुसऱ्याचं रक्त चढवत होते. जीवच गेला असता."

मायाक्काचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं नवऱ्याचा पाय घट्ट धरला. मग पुटपुटली, "तात्याबा. तात्याबा म्हणत्यात ह्यास्नी."

इंद्रायणी तडक सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख, मेट्रन मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मॅडम, एक चूक लिहून द्यायचीय."

"कुणाची?"

"माझी."

मॅडमनी चष्मा काढला. आवाज खाली आणला. "आधी दार लावा."

इंद्रायणी जागची हलली नाही. "उघडंच राहू दे मॅडम. नव्या पोरींना ऐकू दे."