गिटारवाल्याची आई

रविवारी संध्याकाळी नाशिकच्या एका लहानशा पबमध्ये गावातल्याच मुलांचा सायकेडेलिक बँड ऐकत होतो. एकच सूर लांबत, वळत, विरघळत चालला होता. गाणं कुठे सुरू झालं तेही आठवेना. शेजारच्या टेबलाशी साडीतल्या एक बाई लिंबूसोडा समोर ठेवून बसल्या होत्या. मी विचारलं, "आवडतंय?"

"कळत नाही हो काही," त्या म्हणाल्या. "गिटारवाला माझा मुलगा. घरी दार लावून वाजवतो. वाजवताना तो कसा दिसतो, ते बघायला आलेय."

आपल्या माणसांचं बरंचसं आयुष्य आपण असं भिंतीपलीकडूनच ऐकत असतो.

समोर मुलाने डोळे मिटले होते, ओठ किंचित उघडे होते.

"लहानपणी झोपेत अस्साच दिसायचा," असं म्हणत त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.