जायफळाचे वेढे

माझी मुलगी जन्मली तीच भांडत. नर्सने पंच्यात गुंडाळलं, तर तिने पाय झाडून तो लाथाडला. घरी मिक्सर लावला की किंचाळायची, पाहुण्याने उचललं की लालेलाल व्हायची, आणि एकदा सूर धरला की तासभर सोडायची नाही. शेजारीण म्हणायची, "काय वं बाई, भोंगा पाळला का घरी?" माझं डोकं सणकायचं. धरमपेठेतल्या डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, काही लेकरांना सगळंच जरा जास्त जाणवतं. रडणं बंद करायच्या मागे लागू नका, जवळ राहा, ती हळूहळू सावरायला शिकेल.

मी ते मनावर घेतलं. मिक्सर लावायच्या आधी तिला सांगायची, आता आवाज होणार हं. पाहुण्यांना दटावायची, आधी तिला तुमचं तोंड नीट बघू द्या, मग हात लावा. रडली की छातीशी धरून नुसती बसायची. हे असं सात महिने केलं. मग रजा संपली.

गांधीबागेत कापडाच्या एका ठोक दुकानात मी मोबाईलवरून बाहेरगावच्या दुकानदारांना साड्या दाखवते. नवरा पुण्याला नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. म्हणून माझी आई आली, नरखेडकडच्या आमच्या गावाहून, एका पिशवीत संत्री आणि दुसरीत सहाण अन् बाळगुटीचा डबा घेऊन. गुटी म्हणजे वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ असं सगळं दुधात उगाळून बाळाला रोज सकाळी चाटवायचं. कशाचे किती वेढे घ्यायचे ते ठरलेलं असतं. जायफळाचा फक्त एक, कारण त्याने गुंगी येते. हे मला आईनेच शिकवलं होतं.

पंधरा दिवसांत पोरगी बदलली. मिक्सरला दचकेना, कोणीही उचललं तरी चालू लागलं. मी संध्याकाळी घरी यायची तेव्हा गादीवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघून मंद हसायची. मला वाटलं, पावली माझी मेहनत! दुकानात फुशारकी मारली. नुकतीच आई झालेल्या एका बाईला तर मी जेवणाच्या सुट्टीत रोज उपदेश पाजायची, लेकराचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो वगैरे. आता ते आठवलं की तोंड कुठे लपवू असं होतं.

आई सगळं ऐकून घ्यायची. म्हणायची, "तुह्यावरच गेली. तू बी अशीच होती, हूं का चूं नाही. हा राग मोठेपनी कुठून शिरला तुह्या अंगात, देव जाने."

मुलगी दहा महिन्यांची असताना एकदा दुकानातली लाईट गेली ती येईचना, शेठने घरी पाठवलं. दुपारी दीडला मी दार उघडलं. आई स्वयंपाकघरात पाठमोरी बसली होती, पुढे सहाण. ही कुठली गुटीची वेळ? मी मागे जाऊन उभी राहिले. तिच्या हातात जायफळ होतं आणि ते फिरत होतं. चार. सात. अकरा. मी बारापर्यंत मोजले.

"आई, काय करून राहिली तू?"

ती दचकली, पण लपवलं नाही. "किरकिर करून राहिली होती. निजल आता घडीभर."

"रोज देते?"

"देतो थोडंसं. काय झालं त मंग? जायफळच आहे, जहर आहे का?"

मी काय काय बोलले ते सगळं लिहिता येणार नाही. शेजारीण दारात येऊन परत गेली. तीन महिने मी ज्या हसण्यावर जीव टाकत होते, ते गुंगीतलं होतं. माझ्याच घरात, माझ्याच आईने मला मूर्ख बनवलं होतं, आणि वर माझं कौतुकही ऐकून घेतलं होतं.

"काहून केलं तू असं? काहून?"

तिलाही राग आला. "तुह्यासाठी केलं! थकून येते, पोट्टी हसून भेटते, थेच पायजे होतं ना तुले? अन् तुले बी देत होती मी. वावरात जा लागे, तुले पाहाले कोन होतं? बांधावर निजवलं का संध्याकाळलोक फिकीर नाही."

माझ्या लहानपणीच्या गुणीपणाचं सगळ्या नात्यात कौतुक होतं. चाळीशीला आलेली बाई मी, आणि जन्माला आले तेव्हा कशी होते हे मला ठाऊक नव्हतं. मी आईला म्हटलं, उद्या सकाळी गावाला जा. ती गेली. जाताना रडली, मी बघितलं नाही.

आठ दिवसांची सुट्टी काढली. वाटलं, आता माझी खरी मुलगी मला परत मिळेल. डॉक्टरीणबाईंनाही तिला दाखवून आणलं. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे लख्ख झाले आणि तिने तो जुना सूर लावला. मी आनंदाने उचललं. तिने दोन्ही तळव्यांनी माझी छाती ढकलली, खाली उतरली, रांगत आजीच्या पलंगापाशी गेली आणि पलंगाची कड धरून ओरडत राहिली. मी जवळ बसले, थोपटलं, सगळं केलं. तिला मी नकोच होते.

दोन तासांनी मी हरले आणि व्हिडिओ कॉल लावला. "काय झालं वं माह्या बाईले?" आईचा आवाज आला आणि पोरगी गप्प. मग फोनवर थापा मारत खदखदून हसली. लख्ख जागी होऊन ती माझ्यासाठी अशी एकदाही हसली नव्हती.

"येऊ का मी?" आईने भीतभीत विचारलं.

माझा राग तसूभरही उतरला नव्हता, अजून उतरलेला नाही. मी म्हटलं, "ये. पहिल्याच एसटीनं ये."