पहिल्या सिझरचं कारण

दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा मोठी तीन वर्षांची होती आणि मी पार दमलेली होते. सकाळी तिला सासूबाईंकडे सोपवायचं, शाळेत पोरांपुढे घसा फोडायचा, नवऱ्याची शिरोली एमआयडीसीतली पाळी बदलली की डब्याची वेळ बदलायची. त्यात पहिल्या सिझरपासून सासूबाईंचं एक वाक्य पाठ सोडत नव्हतं. घरी कोणीही आलं की सुरू, "हिला कळा सोसल्या न्हाईत, पोट फाडून घेतलं." ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

कोल्हापुरातल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "या वेळी नॉर्मल होईल का?" त्यांनी उलट मलाच विचारलं, "पहिलं सिझर कशासाठी केलं?" मला सांगता येईना. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, पेठ वडगावला झालं होतं. दिवसभर कळा येत होत्या, संध्याकाळी एकदम धावपळ झाली आणि मला आत नेलं, एवढंच आठवत होतं.

"त्या दवाखान्याचं कार्ड आणा," त्या म्हणाल्या. "वरचा टाका आडवा दिसतोय, पण आत गर्भपिशवीवरचा कसा घेतलाय ते कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. तो उभा असला आणि कळांनी उसवला तर तुमच्याही जिवावर बेतेल आणि बाळाच्याही."

कार्ड आईकडे होतं. फोन केला की ती म्हणायची, "घावंना बघ." दोन महिने ते घावत नव्हतं. शेवटी सातव्या महिन्यात पोट सांभाळत मी एसटीने वडगावला गेले आणि तिची ट्रंक उघडली. साड्यांखाली, एका जुन्या कुंचीत गुंडाळलेलं कार्ड सापडलं. टाका आतूनही आडवाच होता. त्याखाली इंग्रजीत कारण लिहिलं होतं: नातेवाइकांच्या आग्रहावरून.

"कुणी केला आग्रह?" मी विचारलं.

आई तांदूळ निवडत होती. मान वर करेना. "रातच्याला अमावस्या लागत हुती," ती म्हणाली. "अमावस्येचं पोर म्हणून तुझ्या सासरच्यांनी जल्मभर बोलून घेतलं असतं. मीच डॉक्टरांच्या हातापाया पडलो. तुझं बाबा बी व्हय म्हणालं."

"आणि आता सासूबाई मला बोलतात, ते?"

"त्यास्नी सांगू नगंस. माझी काय इज्जत ऱ्हाईल?"

म्हणजे मला कुणी बोलू नये म्हणून हिने माझं पोट उघडायला लावलं, आणि बोलणं काही चुकलं नाहीच. तीन वर्षं ती गप्प बसून ऐकत होती. मला मोठ्याने भांडायचं होतं, पण अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं, मोठी वाट बघत होती.

कार्ड पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रयत्न करू. पण कळा सुरू झाल्या की लगेच दवाखान्यात यायचं, कळा वाढवायचं इंजेक्शन मिळणार नाही, रक्ताची सोय करून ठेवायची, आणि त्या म्हणतील त्या क्षणी सिझर. नवरा म्हणाला, "तुझं तू ठरव," आणि जेवायला बसला. मी रोज ठरवायची आणि रोज मोडायची. टाका उसवला आणि मी गेले तर मोठीचं कोण करणार, असं मनात आलं की सिझर बरं वाटायचं. पुन्हा महिनाभर वाकता येणार नाही, पुन्हा ते वाक्य जन्मभर ऐकायचं, हे आठवलं की नॉर्मल. शेवटी नॉर्मलसाठी सही केली ती काही हिमतीने नाही, विचार करून करून जीव थकला म्हणून.

चौदा तास कळा काढल्या. मुलगा झाला, नॉर्मल. टाका शाबूत राहिला.

सासूबाई पेढे घेऊन आल्या, आणि खरंच कौतुकाने आल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "बघ, मनावर घेतलं की जमतंय की! पयल्या टायमालाच एवढं सोसलं असतंस तर?"

आई खाटेच्या पायथ्याशीच उभी होती. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने एक वाक्य बोलायचं होतं. ती बाळाचं दुपटं सारखं करत राहिली. मी तरी कुणाला सांगणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ. आईचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

"व्हय, चुकलंच माझं," मी सासूबाईंना म्हटलं, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.