काळ्यात पांढरा मिसळणारे शेडमास्तर

शेडमास्तर रंगाच्या दुकानात रंग जुळवायचे. गिऱ्हाइकाने भिंतीचा पोपडा आणून ठेवला की ते त्याच्याकडे क्षणभर बघत, डब्यात दोन थेंब इकडचे, चार तिकडचे टाकत, आणि नवा रंग जुन्यात असा मिळून जाई की घरमालकालाही जोड सापडू नये. एरवी मास्तर हवी तेवढी थाप मारत, बायकोला तर रोजच. रंगाच्या बाबतीत मात्र जीभ कधी घसरली नव्हती.

पायाच्या शिरेत गुठळी झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली. म्हणाल्या, "मळमळेल, पोटात जळजळेल कधी. पण शौचाला काळं झालं तर तडक यायचं. आणि मला विचारल्याशिवाय दुसरी कुठलीही गोळी घ्यायची नाही." मास्तर मान डोलावत होते. लक्ष सगळं खिडकीखालच्या भिंतीवर होतं. तिथलं ठिगळ एका छटेने चुकलं होतं.

पुढे गुडघा ठणकायला लागला. मास्तरांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून दुखणं थांबवायच्या गोळ्या आणल्या आणि शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या. मग एका सकाळी संडासात त्यांनी सवयीने वाकून पाहिलं. डांबरी काळा, वर किंचित चकाकी.

दुसरा कुणी असता तर त्याची पाचावर धारण बसली असती. मास्तर उपाय शोधायला लागले. रंग गडद झाला तर काय करायचं? पांढरा मिसळायचा. पोटात जाईल असा पांढरा म्हणजे दूध. आता दुधाच्या नुसत्या वासाने मास्तर खोली सोडून जात. तरी स्वयंपाकघराच्या दाराआड नाक दाबून त्यांनी पेला रिकामा केला. बायकोला सांगायचं? असल्या गोष्टी का सांगायच्या असतात? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकलेली राहिली, पातेलं मात्र रोज रिकामं होऊ लागलं. काळा काही फिका होईना. जिना चढताना मास्तर मध्येच बसू लागले आणि कठड्याचा रंग तपासतोय असं सांगू लागले.

"मांजर डोळे मिटून दूध पितं," एका सकाळी बायको म्हणाली. "जगाचे डोळे उघडे असतात, अहो."

"पोटाला जरा थंड वाटतं गं."

"तुम्हाला? दुधाने?" तिने त्यांच्या पिशवीतून छटांचं कार्ड काढलं, त्यांना खिडकीशी बसवलं आणि कार्ड गालाला लावून समोर आरसा धरला. "गिऱ्हाइकाची भिंत आहे असं समजा. सांगा, यातला कुठला?"

मास्तर हसले. मग आरशात बघताना हसू आपोआप विरलं. बोट गव्हाळ पट्टी सोडून पुढे गेलं, सायीची सोडून पुढे गेलं आणि अगदी शेवटच्या, पांढऱ्याफटक पट्टीवर थांबलं. तिच्यापुढे कार्डावर रंगच नव्हता. मास्तर घाबरले, मनापासून घाबरले.

"काळं होतंय गं," ते म्हणाले. "बरेच दिवस."

बायकोने चप्पल शोधायलाही वेळ दिला नाही.

पोटात जखम होऊन रक्त झिरपत होतं. डॉक्टरीणबाईंनी दाखल करून घेतलं, रक्त चढवलं, गुडघ्याच्या गोळ्या केराच्या टोपलीत टाकल्या. "पातळ रक्तावर त्या गोळ्या, म्हणजे ओल्या भिंतीवर पातळ रंग. ओघळणारच. आणि दूध कशाला प्यायलात?"

मास्तरांनी कारण सांगितलं. बाईंनी हसू दाबायला तोंडावर हात धरला. बायकोने धरला नाही. "आजार रेड्याला आणि औषध पखालीला," ती म्हणाली, आणि मग भिंतीकडे वळून डोळे पुसत राहिली.

मास्तर घरी आले ते बदललेली गोळी आणि पोटाचं औषध घेऊन. बायको रोज सकाळी त्यांना खिडकीशी बसवून गालाला कार्ड लावू लागली. एके दिवशी तिचं बोट थेट गव्हाळ पट्टीवर टेकलं.

"जुळला," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. मास्तरांना क्षणभर वाटलं, जाऊ द्यावं.

"नाही गं," ते म्हणाले. "अजून दोन छटा मागे आहे."

बायको हसली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने तब्येतीबद्दल आपणहून सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट होती. तिने बोट दोन पट्ट्या मागे घेतलं.